उभ्याने आखलेले डोळे

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे सारवलेल्या ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच. पुढं शाळा सुटली आणि लिहिण्याचं काम पडलं ते सही करण्यापुरतं. चुका दिसतील तिथं वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीला हाताने लिहिलेला अंक निघतो. तिथलं काम पाहणारी शीतल दोनदा घरी येऊन गेली. "मावशी, तुमच्या कामावर लिहा ना. लोकं वाचतीन." लोक वाचतील म्हणाली तिथंच अडलं. मी नाही म्हटलं. पण ती गेल्यावर नातीची जुनी वही काढली. मागची पानं कोरी होती. हे त्या पानांवर आहे. तिला द्यायचं की नाही ते पानं संपल्यावर पाहीन.

मी मूर्तीच्या कारखान्यात काम केलं. कारखाना म्हणजे मोहाडीच्या बाहेर, धानाच्या बांधीला, म्हणजे शेताला, लागून टिनाचं शेड. मालक हिरामणभाऊ. पावसाळ्याच्या तोंडाशी गणपती, बाकी वर्षभर बुद्धमूर्ती.

मूर्ती साच्यातून निघते तेव्हा तिला चेहरा असतो, नजर नसते. साच्यात प्लॅस्टर आणि काथ्या भरतात. बाहेर काढली की जोडावर रेघ उठलेली असते, गालावर, कानामागे बारीक खड्डे असतात. त्यात लांबी भरायची, म्हणजे रंगारी भिंतीला लावतात तो लगदा, आणि मग पॉलिशपेपरने घासायचं. आधी जाड कागद, मग बारीक. मी कित्येक वर्षं फक्त घासकाम केलं. पांढरी धूळ भुवयांवर बसायची. घरी गेले की मालक म्हणायचे, म्हणजे माझे घरचे मालक, "आली वो, पिठाच्या गिरणीतून."

डोळ्यांची आखणी हे शेवटचं काम. ते करणारा कारागीर नागपूरला निघून गेला तेव्हा हिरामणभाऊंनी आम्हा सगळ्यांच्या हाती बारीक ब्रश देऊन फुटक्या मूर्तीवर रेघ मारायला लावली. माझी रेघ थरथरली नाही. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझे पाय कापतात, पण हात कधी कापला नाही. असं मला ते काम मिळालं.

गणपतीचे डोळे त्या मानाने सोपे. पूर्ण उघडे, टपोरे, समोर येईल त्याच्याकडे पाहणारे. बुद्धाचे अर्धे मिटलेले. वरची पापणी खाली आलेली आणि तिच्याखाली अर्धंच बुबुळ. ही पापणी तांदळाच्या कणीएवढी वर गेली तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते. तेवढीच खाली आली तर झोपलेली.

त्यात अजून एक गोष्ट. विहारात मूर्ती उंच ओट्यावर असते आणि माणसं खाली सतरंजीवर. म्हणून आखताना मूर्ती टेबलावर ठेवायची आणि आपण खाली पाटावर बसायचं. रेघ मारायला उठायचं, परत पाटावर बसून पाहायचं. अशी आखलेली मूर्ती समोर उभं राहून पाहिली तर डोळे मिटलेले वाटतात. खाली बसलं की ते उघडतात आणि नेमके आपल्यावर येतात.

गिऱ्हाईक मात्र दुकानात उभंच राहतं. "हा तं झोपला वाटते," असं शंभरांनी तरी म्हटलं असेल. हिरामणभाऊ म्हणायचे, "खाली बसून पाहा, साहेब." साहेबांच्या पॅन्टला कडक इस्त्री. ते बसायचे नाहीत. एक बाई घरच्या पडद्याचा तुकडा घेऊन आल्या होत्या, त्या रंगाचं चीवर, म्हणजे मूर्तीच्या अंगावरचं वस्त्र, पाहिजे म्हणून. एकाने वडिलांचा फोटो आणला. बुद्धाचं नाक आमच्या बाबाजींसारखं करा म्हणाला. हिरामणभाऊंनी फोटो पाहिला, मूर्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, एवढं प्लॅस्टर आपल्याजवळ नाई." एक रिटायर मास्तर मात्र खरंच धुळीत बसले. बसले ते बसलेच. अर्ध्या तासाने उठले, पाणी मागितलं, भाव न करता मूर्ती घेऊन गेले.

आखणीआधी मी पण बसायची. पाटावर, हातात ब्रश न घेता. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आधी डोक्यात घरचं चालू असायचं: भाजी काय, बस किती वाजता, सून काय बोलली. बसून राहिलं की ते गढूळ पाण्यासारखं हळूहळू खाली बसतं. श्वास आपला आपल्याला ऐकू येतो. मग मूर्तीचा चेहरा वेगळा दिसायला लागतो आणि पापणी कुठे थांबायला पाहिजे ते कळतं. का कळतं ते सांगता येणार नाही. शेडमधल्या बाया हसायच्या. "गेली वो कौसल्याबाई ध्यानात. आता जेवणाच्या सुट्टीतच येईन."

लहानपणापासून लोक मला शांत म्हणत आले. मलाही तसंच वाटायचं. त्या पाटावर बसून कळलं की मी नुसती गप्प होते. आत तर सारखी बडबड चालू. त्यातली बहुतेक भीतीची. खरी शांतता दिवसातून अर्धा तास मिळायची, तीही मजुरीच्या वेळातली.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते.

एका उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या महिनाभर आधी दोन बाया आल्या. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि आता त्या नवीन गावठाणात राहत होत्या. एक रेखाताई, बचत गटाच्या अध्यक्ष, भरभर बोलणाऱ्या. दुसऱ्या गिरजाआजी, काठी टेकत आलेल्या. जुन्या गावच्या विहारात सिमेंटची मूर्ती होती. गाव उठलं तेव्हा ती ओट्यावरून काढताना फुटली. तेव्हापासून नव्या विहारात नुसता फोटो. आता गटातल्या बायांनी वर्गणी करून मूर्ती आणायचं ठरवलं होतं.

"कशी होती जुनी?" हिरामणभाऊंनी विचारलं.

"चांगली होती," आजी म्हणाल्या.

"म्हणजे कशी? चेहरा गोल, लांब?"

"मले काय मालूम गा. मी काय मोजून पाहिली का?" आजी म्हणाल्या, "समोर बसलं की आपल्याकडे पाहे. एवढं मालूम हाये."

तीन फुटांची मूर्ती ठरली. ओटा चार फूट. ओटा गावातलेच गवंडी उद्धवभाऊ मजुरी न घेता बांधून देणार होते.

पौर्णिमेआधीचा आठवडा आमच्याकडे लगीनघाईचा. मूर्ती पाठवायच्या दिवशी टेम्पो दाराशी, चार गावच्या मूर्ती भरायच्या आणि आजींच्या गावची मूर्ती जमिनीवर, डोळ्यांवाचून. टेबलावर चढवायला माणसं मोकळी नव्हती. मी पाट ओढला तर हिरामणभाऊ ओरडले, "बाई, आज बसू नोका! हात चालवा!"

मी उभ्यानेच, वाकून आखले. रेघ थरथरली नाही. वरून पाहिलं तर डोळे छान माझ्याकडे पाहत होते. रंग वाळला न वाळला तोच मूर्ती टेम्पोत गेली. त्या क्षणी मला कळत होतं की हे बरोबर नाही. पण लोकांसमोर "थांबा" म्हणायचं म्हणजे माझ्यासाठी विहिरीत उडी.

पौर्णिमा झाली आणि रेखाताईंचा फोन आला. "भाऊ, मूर्ती आमच्याकडे पाहतच नाई."

रविवारी हिरामणभाऊ मला सोबत घेऊन गेले. विहारात सतरंजीवर सगळे बसले होते. मी बायांत मागे बसले आणि वर पाहिलं. मूर्तीची नजर आमच्या डोक्यांवरून सरळ दाराबाहेर चालली होती, पाण्याच्या टाकीकडे. जणू कोणाची तरी वाट पाहत आहे आणि आम्ही ते नाही.

हिरामणभाऊंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "ओटा उंच झाला. चार फूट सांगतला होता मी."

उद्धवभाऊ उठून उभे राहिले. "पट्टी लावून बांधला, भाऊ. चार म्हणजे चार."

"उद्धवकाका, तुमची पट्टीच घासली असंन!" मागून एक जण बोलला. लोक हसले. दुसरा म्हणाला, "फुकटचं काम असंच असते बाप्पा." पुन्हा हसले. उद्धवभाऊ हसले नाहीत. हाताची बोटं ओट्याच्या कडेवरून फिरवत राहिले. ती कड इतकी सरळ होती की तिच्यावर गोटी ठेवली असती तर हलली नसती.

मी सतरंजीच्या पट्ट्या मोजत होते. हिरव्या सात, लाल सहा. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच.

मग कोणीतरी "फसवलं" म्हणालं आणि हिरामणभाऊंचं डोकं फिरलं. त्या दिवशीची वसुली खिशात होती. त्यांनी मूर्तीचे अठरा हजार काढून रेखाताईंसमोर ठेवले. "घ्या तुमचे पैसे. पुढच्या रविवारी टेम्पो आणतो आन मूर्ती नेतो."

गिरजाआजी म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा फोटोच?"

परत येताना हिरामणभाऊंनी बसची दोन तिकिटं काढली. मग म्हणाले, "ओट्यावर ढकललं म्हणून तुमची लाज राहिली. पण डोळ्याचं काम आता दुसऱ्याले देतो. तुम्ही घासकाम पाहा." घाई त्यांनीच केली होती हे त्यांनाही माहीत होतं. ते बाहेर पाहत होते, मी पण बाहेर पाहत होते.

सोमवारी, मंगळवारी मी घासकाम केलं. जेवणाच्या सुट्टीत पाटावर बसून पाहिलं. डोळे मिटले की उद्धवभाऊंची बोटं ओट्याच्या कडेवरून फिरताना दिसायची. गढूळ काही खाली बसेना. तेव्हा समजलं की जो माणूस खोटं गिळून बसतो त्याला कितीही वेळ पाटावर बसवा, तो बसलेला नसतो.

बुधवारी रविवारपर्यंतची सुट्टी सांगितली, ब्रशचा डबा पिशवीत घातला आणि दोन बस बदलून एकटी त्या गावठाणात गेले. ऊन एवढं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

उद्धवभाऊ घराच्या सावलीत खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच म्हटलं, "भाऊ, ओटा बरोबर हाये. चूक माझी हाये. मी उभ्यानं डोळे आखले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"

"बोलता नाही आलं."

"हं." मग म्हणाले, "मले सांगून काय होते, बाई? मले तं मालूमच हाये ओटा बरोबर हाये. लोकाले सांगा."

त्यांनी बायांना विहारात बोलावलं. पंधरा-वीस जणी आल्या, काही माणसंही आली. त्यात "पट्टी घासली" म्हणणारा पण होता. माझे पाय कापत होते म्हणून मी खाली बसूनच बोलले. उद्धवभाऊंना जे सांगितलं तेच सांगितलं, शब्द तेच. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. मग म्हटलं, "रविवारपर्यंत मले इथं बसू द्या. डोळे पुन्हा आखते. मजुरी नको."

रेखाताई म्हणाल्या, "पैसे आमच्याकडे आले, मूर्ती तुमच्या शेठची. तुमचं तुम्ही पाहा. आम्ही घेऊच असं कबूल नाई करत."

"अवो, पण बाई राहीन कोठी?" गिरजाआजी बोलल्या. "माझ्या घरी राहीन. माझं घर रिकामंच हाये."

गुरुवारी सकाळी पहिलं काम जुने डोळे घासून काढायचं. शिडीवर चढून, बारीक कागदाने. ती आंधळी मूर्ती पाहून बायांनी पदर तोंडाला लावले. मलाही वाईट वाटलं, पण हात थांबवला नाही. वर पांढऱ्या रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून खाली सतरंजीवर बसले.

आजी काठी बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसल्या. मी विचारलं, "आजी, जुन्या मूर्तीचे डोळे कसे होते, थोडं तरी आठवते का?"

"नाई आठवत, माय. लय आठवून पाहिलं. घर आठवते, नदीवरचा दगड आठवते. चेहरा नाई आठवत." मग म्हणाल्या, "माझा माणूस गेला तवा मी तिथं जाऊन बसो. रडाले नाई, नुसती बसो. पोटातली धाकधूक थांबे. तेच आठवते."

मग आम्ही दोघी बोललो नाही. गुरुवार असा पूर्ण गेला. पत्रे उन्हाने कडकड वाजायचे. एक चिमणी खिडकीतून आत यायची, मूर्तीच्या खांद्यावर बसायची, जायची. आजींचा श्वास जरा घरघरणारा होता. दुपारनंतर लक्षात आलं की माझा श्वासही त्याच चालीने चालला आहे. मी कोण, कुठली, पोरंबाळं किती, त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तरी संध्याकाळी उठलो तेव्हा वाटलं, या बाईला मी बहिणीपेक्षा जास्त ओळखते. आपण बोलतो तेव्हा आपलं आपलंच चाललेलं असतं. गप्प बसलं आणि भीती नसली तर दुसऱ्याला आत यायला जागा होते.

आणि त्या दिवशी मला कळलं की आजींना जुना चेहरा परत नको होता. त्यांना त्या चेहऱ्यासमोर बसलेली त्या स्वतः परत पाहिजे होती.

शुक्रवारी पहाट उजळताच सुरू केलं, कारण उन्हाळ्यात नऊनंतर रंग ब्रशवरच वाळतो. आजींना म्हटलं, "तुम्ही जुन्या विहारात बसायच्या तशा बसा." त्या बसल्या. मी एक रेघ मारायची, शिडी उतरायची, त्यांच्या शेजारी बसायची, पाहायची, पुन्हा चढायची. गुडघ्यांनी त्या दिवशी मला काय काय शिव्या दिल्या असतील.

"आजी, पाहते का तुमच्याकडे?"

"नाई. डोक्यावरून चालला."

पापणी थोडी खाली घेतली. "आता?"

"आता झोपला."

उद्धवभाऊ शिडी धरून उभे होते. म्हणाले, "आजी, तुमचे डोरे बरोबर हायेत ना? का त्याच्यातही मोतीबिंदू?" आमच्याकडे डोळ्यांना डोरेच म्हणतात.

"तू शिडी धर गा. ओटा बांधनाऱ्यानं डोऱ्याची गोष्ट करू नये."

मी हसले आणि हात थांबवला, कारण हसताना आखू नये. पुन्हा खाली बसले. या वेळी लगेच उठले नाही. चिमणी आली आणि गेली. उठावंसं वाटलं तेव्हा उठले, शिडी चढले आणि डाव्या डोळ्याची, मग उजव्या डोळ्याची बुबुळाची कड एका श्वासात पुरी केली.

"आजी, आता?"

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. उद्धवभाऊंनी शिडी हलकेच ठोकली आणि मान हलवून मला खाली पाहायला सांगितलं. आजी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झालेल्या. मी ब्रश पुसला. पुन्हा विचारलं नाही.

रविवारी हिरामणभाऊ टेम्पो घेऊन आले. मी तिथं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चपला बाहेर काढून तावातावाने आत आले, मला पाहून थबकले, मूर्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा तं..."

"बसा भाऊ," रेखाताई म्हणाल्या.

सगळा विहार भरलेला होता आणि कोणी बोलत नव्हतं. हिरामणभाऊ मागे भिंतीला टेकून खाली बसले. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना बसा म्हणणारा हा माणूस स्वतः कधी मूर्तीसमोर बसलेला मी पाहिला नव्हता. ते बसले, वर पाहिलं आणि हळूच डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. टेम्पोवाल्याने बाहेर दोनदा हॉर्न वाजवला. कोणी उठलं नाही.

मग हिरामणभाऊ उठले ते सरळ उद्धवभाऊंकडे गेले आणि ओट्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ओटा बरोबर हाये, भाऊ. त्या दिवशी मी चुकीचं बोललो." माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या डोळ्याचं काम हाये, बाई. पाट घासून ठेवतो."

रेखाताईंनी पिशवीतून नोटा काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. "मोजून घ्या. तुमच्याच हायेत." त्या जरा ओशाळल्या. "शंभर कमी हायेत. मधात बल्ब आन झाडू आणला. उद्या देतो."

हिरामणभाऊ राहू द्या म्हणणार होते. त्याआधी उद्धवभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढली, ओट्याच्या कडेवर ठेवून तळहाताने सरळ केली आणि त्या नोटांवर ठेवली.

"आता पुरे झाले," ते म्हणाले.